छत पंख्याचं, खेळ मात्र गवतावर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दक्षिण कोरियातल्या फुटबॉलविषयी मराठीत काही छापून येतं, तेव्हा ते बहुतेक सोलपाशी सुरू होतं आणि सोलपाशीच संपतं. २००२ च्या विश्वचषकाचे कोरियातले सामने मात्र दहा शहरांत झाले होते. त्यांपैकी नैऋत्येकडचं जॉन्जू हे सुमारे साडेसहा लाख वस्तीचं शहर. मोठ्या स्पर्धेचं यजमानपद म्हणजे काय, ते कुठे फळतं आणि कुठे फसतं, हे समजून घ्यायला सोलपेक्षा जॉन्जू जास्त उपयोगी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोरियाच्या ऑलिम्पिक समितीत मतदान झालं आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी देशाचा उमेदवार म्हणून जॉन्बुक प्रांताने सोलला ४९ विरुद्ध ११ मतांनी मागे टाकलं. जॉन्जू ही या प्रांताची राजधानी. म्हणजे पुढची काही वर्षं हे नाव क्रीडा पानांवर वारंवार येणार. ते लिहिताना "जुन्या घरांचं आणि बिबिमबापचं (कालवलेल्या भाताचं) सुंदर शहर" एवढ्यावर लेखणी थांबू नये, म्हणून हे पत्र.

आधी मैदानाची ओळख. जॉन्जू विश्वचषक स्टेडियम नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झालं. विश्वचषकाच्या वेळी क्षमता सुमारे ४२ हजार. ते केवळ फुटबॉलसाठी बांधलेलं आहे, भोवती धावपट्टी नाही. हा तपशील नुसता नोंदवून पुढे जाण्यासारखा नाही. ४०० मीटरच्या धावपट्टीचं वळण मध्ये आलं, की गोलमागचा प्रेक्षक गोलरेषेपासून साधारण ३५ मीटर मागे फेकला जातो. तिथून त्याला समोरच्या बाजूची चेंडूची हालचाल दिसते, पण पावलं दिसत नाहीत, आणि त्याचा आवाजही खेळाडूंपर्यंत विरळ होऊन पोहोचतो. २००२ च्या मैदानांपैकी दायगू, बुसान आणि इंचॉन इथे धावपट्टी होती. जॉन्जूने ती ठेवली नाही, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत या निर्णयाचा वाटा आहे.

छत चार तुकड्यांचं आहे. प्रत्येक बाजूच्या प्रेक्षागारावर एक तुकडा, आणि त्याचा आकार उघडलेल्या घडीच्या पंख्याचा. चार कोपऱ्यांत उंच खांब आहेत आणि छताचा भार त्या खांबांवरून उतरणाऱ्या पोलादी दोरांनी पेललेला आहे. कोरियात गावाच्या वेशीवर लाकडी पक्षी बसवलेला खांब रोवायची जुनी रीत आहे, त्याला सोत्दे म्हणतात. हे चार खांब सोत्देचे प्रतीक आणि दोर म्हणजे गायागुम या वाद्याच्या बारा तारा, अशी रचनाकारांची कल्पना. अशा प्रतीकांची यादी प्रत्येक स्टेडियमच्या माहितीपत्रकात असते आणि बहुतेक वेळा ती वाचून विसरायची असते. इथे ती बांधकामाशी जुळलेली आहे. छत दोरांवर तोललेलं असल्यामुळे त्याला पुढच्या बाजूला टेकू लागत नाहीत आणि प्रेक्षकाच्या नजरेसमोर खांब येत नाही.

पंखाच का निवडला, याचंही उत्तर शहरातच आहे. जोसॉन या जुन्या कोरियन राजघराण्याच्या काळात जॉल्ला प्रांताचा कारभार जॉन्जूतून चाले आणि दरबारासाठी पंखे बनवणारं सरकारी खातं तिथे होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या दानो सणाला ते पंखे राजाकडे जात आणि राजा ते दरबाऱ्यांना वाटत असे. जॉन्जूच्या हाप्जुकसॉन पंख्याची काडी एकेरी नसते. बांबूची बाहेरची साल पातळ तासून अशा दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून चिकटवतात. सरस माशाच्या वाताशयापासून केलेला असतो, कारण पंखा हजारदा उघडला-मिटला तरी जोड सुटता कामा नये. मग तापल्या लोखंडाने काड्यांवर नक्षी, घासून चकाकी, त्यावर कागदतुतीच्या सालीपासून केलेला हांजी कागद आणि शेवटी सगळ्या काड्या एकत्र धरणारी खीळ. ही कामं वेगवेगळ्या कारागिरांकडे वाटलेली असत. पन्नास काड्यांचा पंखा राजघराण्यापुरता राखलेला होता. शहरात आजही हे पंखे बनतात.

आता आकड्यांकडे. २००२ मध्ये जॉन्जूत तीन सामने झाले. ७ जूनला स्पेनने पॅराग्वेला ३-१ असं हरवलं, १० जूनला पोर्तुगालने पोलंडला ४-० असं, त्यात पाउलेताचे तीन गोल, आणि १७ जूनला बाद फेरीत अमेरिकेने मेक्सिकोला २-० असं. या सामन्यांची नोंदलेली उपस्थिती अनुक्रमे २४,०००, ३१,००० आणि ३६,३८०. म्हणजे विश्वचषक दारात आलेला असताना ४२ हजारांचं मैदान एकदाही पूर्ण भरलं नाही. २०१७ मध्ये वीस वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक कोरियात झाला, त्याचा सलामीचा दिवस जॉन्जूत होता. २० मे रोजी यजमानांनी गिनीला ३-० ने हरवलं तेव्हा ३७,५०० लोक होते. या चारही आकड्यांना मागे टाकणारी गर्दी ५ नोव्हेंबर २०११ ला जमली: ४१,८०५. सामना होता आशियाई चॅम्पियन्स लीगचा अंतिम, शहराचा क्लब जॉन्बुक ह्युंदाई मोटर्स विरुद्ध कतारचा अल साद. जॉन्बुकने भरपाईच्या वेळेत २-२ अशी बरोबरी साधली आणि पेनल्टीवर ४-२ असा सामना गमावला.

जगातले तारे महिनाभरासाठी शहरात उतरले त्यापेक्षा जास्त लोक आपल्या क्लबसाठी आले, हे मला यजमानपदाच्या चर्चेतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आणि ते आपोआप घडलं नाही. विश्वचषकानंतर दायगू आणि इंचॉन या शहरांतल्या क्लबांनी ती मोठी मैदानं सोडली आणि लहान, केवळ फुटबॉलच्या मैदानांत बस्तान हलवलं: इंचॉनने २०१२ मध्ये, दायगूने २०१९ मध्ये. ६० हजारांच्या मैदानात दहा हजार लोक म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचा देखावा, आणि मधे धावपट्टी असेल तर आवाजही उरत नाही. जॉन्बुक मात्र विश्वचषकाच्याच मैदानात राहिला. २००९ ते २०२५ या काळात त्याने के लीग या कोरियाच्या साखळी स्पर्धेचं विजेतेपद दहा वेळा पटकावलं, २०१७ ते २०२१ अशी सलग पाच वर्षं. आशियाई विजेतेपद २००६ आणि २०१६ मध्ये. हिरव्या कपड्यांतले समर्थक उत्तरेच्या गोलमागे उभे राहतात आणि मैदानाला "जॉन्जूचा किल्ला" म्हणतात. शहराचा खरा तट १९०७ नंतर पाडला गेला, त्यातलं दक्षिणेचं पुंगनामुन द्वार तेवढं उभं आहे.

ही निष्ठा शहराने गृहीत धरावी असं मात्र नाही. जॉन्जूतला बेसबॉल क्लब नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आर्थिक संकटात सापडून बंद पडला. बास्केटबॉलचा केसीसी क्लब २००१ पासून शहरात होता. नव्या बंदिस्त स्टेडियमचं काम वर्षानुवर्षं लांबत गेलं आणि २०२३ मध्ये क्लब बुसानला निघून गेला. ऑलिम्पिकचं स्वप्न पाहणाऱ्या शहराविषयी लिहिताना ही बाजूही वाचकांसमोर यायला हवी.

आता ज्या गोष्टीवर पानभर लिहिलं जायला हवं आणि जिच्यावर एक ओळही येत नाही, ती म्हणजे गवत. फेब्रुवारी २०२५ मध्ये आशियाई महासंघाने जॉन्जूचं मैदान सामन्यालायक नाही असं ठरवलं. चॅम्पियन्स लीग टू स्पर्धेत सिडनी एफसीविरुद्धची उपांत्यपूर्व फेरीची घरची लढत जॉन्बुकला ६ मार्च रोजी दीडशेहून अधिक किलोमीटर दूर योंगिनच्या मैदानावर खेळावी लागली. ती ०-२ अशी हरली, परतीची लढतही २-३ अशी गेली. कुठलीही पडझड नाही, छत शाबूत, खुर्च्या शाबूत. फक्त पायाखालचं गवत धरत नव्हतं.

का धरत नव्हतं, ते समजायला अवघड नाही. कोरियाचं देशी गवत झोयसिया. ते उन्हाळ्यात चिवट असतं, पण ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत सुकून पिवळं पडतं आणि उखडलं तर भरून यायला फार वेळ घेतं. म्हणून मोठ्या मैदानांवर केंटकी ब्लूग्रास लावलं जातं. हे थंड हवेचं गवत, जमिनीखालच्या आडव्या कोंबांनी पसरतं, त्यामुळे छोट्या जखमा स्वतःच बुजवतं. पाती वाढायला १५ ते २४ अंश तापमान उत्तम. कोरियात असं हवामान मिळतं ते एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. जूनच्या अखेरीस पावसाळा लागतो आणि महिनाभर वाळूचा थर ओला राहतो, मुळांना हवा मिळत नाही, बुरशीचे तपकिरी डाग पडतात. लगेच मागून ऑगस्टची उष्णता येते. रात्रीचं तापमानही २५ च्या खाली उतरत नाही तेव्हा गवत दिवसा जेवढं अन्न बनवतं त्याहून जास्त रात्री श्वसनात खर्च करतं. मग ते मुळं सोडून देतं. वसंतात बोटभरापेक्षा खोल गेलेली मुळं ऑगस्टअखेर वरच्या दोन-तीन सेंटीमीटरांत उरतात. वरून मैदान हिरवं दिसतं, पण बचावपटूने पाय रोवून वळण घेतलं की हातभर तुकडा गालिच्यासारखा उचलला जातो.

हिवाळ्याची गोष्ट वेगळी आणि २०२५ ची अडचण तीच होती. आशियाई स्पर्धांचं वेळापत्रक २०२३-२४ पासून शरद ते वसंत असं बदललं, तर के लीग वसंत ते शरद अशीच चालते. त्यामुळे बाद फेरीचे सामने फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. लीगही २०२५ मध्ये १५ फेब्रुवारीला, नेहमीपेक्षा लवकर सुरू झाली. जॉन्जूत फेब्रुवारीची सरासरी शून्याच्या जरा वर असते. दुपारी वरचा थर वितळतो, खालचा गोठलेलाच राहतो, आणि दोन्हींच्या मध्ये पाणी साचून वरचा थर घसरतो. अशा वेळी नवं गवत आणून अंथरणं हा सहज सुचणारा उपाय, पण मातीचं तापमान दहा अंशांच्या आसपास पोहोचल्याशिवाय मुळं खाली उतरत नाहीत. पातळ, दोन सेंटीमीटरची लादी उन्हाळ्याआधी लावली तर तीन ते सहा आठवड्यांत धरते. फेब्रुवारीत ती नुसती ठेवलेली असते. चार सेंटीमीटर जाडीच्या मोठ्या गुंडाळ्या आपल्या वजनाने जागेवर राहतात आणि सामना निभावतो, पण त्या महाग पडतात, आणि पुढे मुळं उतरली नाहीत तर तेच काम परत.

यात स्टेडियमची रचनाही हातभार लावते. जॉन्जू उत्तर अक्षांश ३५.८ वर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३१ अंश वर येतो. प्रेक्षागाराची कड ३० मीटर उंच धरली तर सावली ५० मीटर लांब पडते, म्हणजे दक्षिण गोलपासून मैदानाचा मोठा भाग दिवसभर उन्हाला पारखा. छताच्या चार तुकड्यांमधले कोपरे मोकळे आहेत हे भाग्यच, तिथून वारा तरी खेळतो. पूर्ण गोल बंद छत असतं तर पावसाळ्यातली ओल आणखी रेंगाळली असती. छायाचित्रात जे छत सर्वांत देखणं दिसतं, तेच गवताचा घास घेतं. आधुनिक मैदानांना हे टाळता येत नाही, पण त्याची किंमत मोजावी लागते: चाकांवर फिरणारे वाढीचे दिवे, खेळपट्टीच्या पातळीवर वारा घालणारे मोठे पंखे, वाळूखालच्या नळ्यांतून हिवाळ्यात गरम पाणी आणि ओल शोषून घेणारी यंत्रणा. सोलने २०२१ मध्ये ९५ टक्के नैसर्गिक आणि ५ टक्के कृत्रिम धाग्यांचं मिश्र गवत बसवलं. धागे मुळांना आधार देतात, पण मुळंच मेली तर धागे काय धरणार? २०२४ च्या शरदात सोलचंही मैदान टीकेचं धनी झालं आणि इराकविरुद्धचा विश्वचषक पात्रतेचा सामना योंगिनला हलवावा लागला.

आपल्या क्रीडा प्रतिनिधीला कुठल्याही यजमान शहरात मैदान पाहायची संधी मिळाली, तर एक विनंती. खुर्च्या मोजण्याआधी गोलसमोरच्या भागात जाऊन गवताचा एक झुपका हाताने वर ओढून पाहावा. लादीचा कोपरा उचलला गेला तर मुळं उतरलेली नाहीत. माळ्याकडे मातीचा नमुना काढायची नळी असते, तिने काढलेल्या नमुन्यात पांढरी, ताजी मुळं किती खोल आहेत ते विचारावं. दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त असतील तर मैदान आठवड्यात दोन सामने सोसेल. तपकिरी आणि तीन सेंटीमीटरवर थांबलेली असतील तर पावसात एकही नाही. वाळूच्या थराखाली (तो अशा मैदानांत साधारण ३० सेंटीमीटर असतो) निचऱ्याचा खडीचा थर मोकळा आहे की गाळाने भरला आहे, हाही प्रश्न विचारण्याजोगा. वीस वर्षांपेक्षा जुन्या मैदानात तो भरलेला असू शकतो. तसं असेल तर वरून कितीही नवं गवत अंथरलं तरी उपयोग होत नाही, पूर्ण थर उकरून बदलावा लागतो, त्याला एक अख्खा हंगाम जातो आणि त्या हंगामात क्लबला दुसरं घर शोधावं लागतं. हा निर्णय घ्यायला कुठल्याही नगरपालिकेला अवघड जातं आणि म्हणूनच तो पुढे ढकलला जातो.

२०२३ च्या ऑगस्टमधला प्रसंग याच संदर्भात आठवण्याजोगा आहे. जॉन्बुकमधल्याच सेमानगुमला जागतिक स्काउट मेळावा भरला होता. उष्णता आणि गैरसोयींमुळे तो विस्कळीत झाला आणि समारोपाचा के-पॉप कार्यक्रम ११ ऑगस्टला जॉन्जूच्या मैदानात घ्यायचं ऐन वेळी जाहीर झालं. तिथे ९ तारखेला कोरियन एफए चषकाचा जॉन्बुक विरुद्ध इंचॉन हा उपांत्य सामना ठरलेला होता, तो रद्द करावा लागला. मग वादळाच्या इशाऱ्यामुळे कार्यक्रमही सोलला गेला. जॉन्जूचं गवत वाचलं, सोलच्या गवताला मार बसला, आणि उपांत्य सामना नोव्हेंबरपर्यंत लांबला. ऑगस्ट हा ब्लूग्राससाठी वर्षातला सर्वांत नाजूक महिना. त्यावर आच्छादन घातलं की खाली उष्णता कोंडते, प्रकाश तुटतो, आणि व्यासपीठाच्या वजनाने वाळू दाबली जाते. तीन दिवसांचं आच्छादन निस्तरायला तीन महिने लागू शकतात. मैदान सार्वजनिक आहे, तिथे गाणं व्हावं याला विरोध नाही, पण ते एप्रिलअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्हावं, जेव्हा गवत सावरू शकतं.

संस्कृतीविषयी. जॉन्जूला गाण्याचं शहर म्हणतात ते पान्सोरीमुळे. एक गायक, एक ढोलवादक, आणि काही तास चालणारी कथा. जुन्या बारा कथांपैकी पाच पूर्ण स्वरूपात उरल्या आहेत. श्रोते गप्प बसत नाहीत. ओळ उतरली की योग्य क्षणी दाद देतात, ती ताल धरून यावी लागते, उगाच ओरडलेलं चालत नाही. दानोच्या सुमारास होणाऱ्या देसासुप स्पर्धेत गाणाऱ्याची परीक्षा जेवढी परीक्षकांसमोर असते, तेवढीच या कानसेनांसमोर. ज्या शहराने ऐकण्याचीही कला मानली, तिथे फुटबॉलचा प्रेक्षक जाणता असणं नवल नाही. साध्या बाजूच्या पासला उत्तरेचं प्रेक्षागार शांत राहतं आणि बचावपटूने वेळेवर काढलेल्या चेंडूला गोलइतकी दाद मिळते.

हानोक म्हणजे पारंपरिक कोरियन घरांच्या वस्तीबद्दल एक दुरुस्ती करायला हवी, कारण ती सहाशे वर्षं जुनी असल्याचं सर्रास लिहिलं जातं. सुमारे सातशे घरांची ही वस्ती मुख्यतः विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली आहे. तट पाडल्यावर जपानी व्यापारी शहराच्या आत शिरले, तेव्हा कोरियन कुटुंबांनी ग्यो-दोंग आणि पुंगनाम-दोंग भागात आपली कौलारू घरं एकवटून बांधली. जुनं आहे ते तिच्या कडेचं ग्योंगीजॉन स्मृतिमंदिर, १४१० मध्ये उभारलेलं, जिथे जोसॉन राजवटीचा संस्थापक यी सॉन्ग-ग्ये याचं चित्र आहे. त्याच आवारात राजवटीच्या बखरींची प्रत ठेवलेली असे. १५९२ च्या जपानी स्वारीत देशातल्या चार प्रतींपैकी तीन जळाल्या. जॉन्जूची वाचली, कारण आन उई आणि सोन होंग-रोक या दोन स्थानिक विद्वानांनी ती नेजांग डोंगरात हलवली. आज वर्षाला कोटीच्या घरात लोक या वस्तीत येतात, आणि मुख्य रस्ता भाड्याच्या पोशाखांनी व काडीवर टोचलेल्या खाऊने भरलेला असतो. तो ओलांडून मागच्या गल्ल्यांत गेलं की शहर भेटतं.

जेवणाचं थोडक्यात, पण नेमकं. जॉन्जूच्या बिबिमबापमध्ये भात गोमांसाच्या रश्श्यात शिजवण्याची पद्धत आहे, वर सोयाबीनचे मोड, गार्डेनियाच्या फळाने पिवळी केलेली मुगाची वडी, भाज्या, कच्चं किंवा परतलेलं मांस आणि अंड्याचा बलक. पितळी धाटणीच्या कांस्य वाडग्यात ते येतं. चमच्याने दाबून कालवलं तर भाताची शितं मोडतात, म्हणून जाणकार काड्यांनी कालवतात. शाकाहारी माणसाने "गोगी पे जुसेयो" म्हणून मांस काढायला सांगितलं तरी भातातला रस्सा राहतोच, हे आधी विचारून घ्यावं. सकाळसाठी मोडांचं सूप आणि भात, कोंगनामुल गुकबाप. नाम्बू बाजाराच्या पद्धतीत गार भातावर उकळता रस्सा पळीने घालून पुन्हा गाळतात, असं अनेकदा, म्हणजे शीत आतपर्यंत गरम होतं पण फुटत नाही आणि वाडगा आला की जीभ न भाजता खाता येतो. सोबत छोट्या वाटीत अर्धवट शिजलेली अंडी येतात. त्यात दोन-तीन चमचे रस्सा आणि चुरडलेलं समुद्री शेवाळ घालून ती आधी संपवायची.

जाण्यायेण्याचं गणित शहराची कमजोर बाजू आहे. सोलच्या योंगसान स्थानकातून वेगवान केटीएक्स गाडीने जॉन्जू साधारण पावणेदोन तास. पण शहरात मेट्रो नाही. रेल्वे स्थानक पूर्वेला, हानोक वस्ती दक्षिणेकडे आणि स्टेडियम वायव्य टोकाला, द्रुतगती मार्गाच्या फाट्याजवळ. मोटारीने येणाऱ्यांना ते सोयीचं, पायी शहर पाहणाऱ्यांना नाही. घरच्या सामन्यांच्या दिवशी क्लबच्या स्थापनेच्या सालाचा क्रमांक घेतलेली १९९४ ही खास बस धावते, तीच धरावी. संध्याकाळी सातचा सामना नऊला संपतो, त्यानंतर हजारो लोक एकाच दिशेला निघतात, म्हणून सोलची शेवटची गाडी गाठायचा बेत करू नये, मुक्काम करावा. नकाशासाठी नेव्हर किंवा काकाओ हे कोरियन अ‍ॅप वापरावं, गुगलचा नकाशा कोरियात पायी वाट नीट दाखवत नाही. तिकीट काढताना छताखालची वरची रांग घ्यावी. पुढच्या रांगांना पावसात छत पुरत नाही.

जॉन्बुकच्या ऑलिम्पिक प्रस्तावात अ‍ॅथलेटिक्ससारखे खेळ दायगूच्या मैदानावर घ्यायची योजना आहे, म्हणजे आहे ते वापरायचं. हे शहाणपणाचं आहे. पण १९८८ चं सोल ऑलिम्पिक १७ सप्टेंबरला सुरू झालं होतं, गवत आणि माणसं दोघांनाही सोसेल अशा हवेत. आताच्या उन्हाळी स्पर्धा बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये असतात. जॉन्जूत फुटबॉल खेळवायचा असेल तर तेव्हा ब्लूग्रास आपल्या सर्वांत वाईट आठवड्यांत असेल. जपानमधल्या अनेक मैदानांवर उन्हाळ्यासाठी बर्म्युडा जातीचं गवत ठेवतात आणि शरदात त्यावर रायग्रासचं बी पेरतात, तसा पर्याय आहे. त्यात मे-जूनमध्ये रायग्रास मरतं आणि बर्म्युडा अजून दाटलेलं नसतं, तेवढे आठवडे मैदान फाटकं दिसतं. या प्रस्तावाची बातमी पुढे जेव्हा येईल, तेव्हा गवत कुठलं लावणार, निचऱ्याचा थर कुठल्या वर्षी बदलणार, आणि त्या फाटक्या आठवड्यांत जॉन्बुकचे लीग सामने कुठे खेळवणार, ही तीन उत्तरं आपल्या प्रतिनिधीने मिळवून छापावीत, ही विनंती.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक